घर वाळूवर, एलिओदोरो कुंपणावर

…आता घर हललं तो मंगळवार होता की बुधवार, हे मला विचारू नका. माझी बायको ओर्फेलिना म्हणते मंगळवार, कारण आदल्या दिवशी तिनं पाव भाजले होते. मी म्हणतो बुधवार, पण मी असं का म्हणतो ते मला सांगता येत नाही, आणि ज्यानं सगळं आयुष्य सांतियागोत पोरांना राज्यघटना शिकवण्यात घालवलं त्याला 'का' सांगता येऊ नये, म्हणजे तो माणूस संपलाच की हो! पाऊस होता का? चिलोए बेटावर असला प्रश्न कुणी विचारत नाही. असणारच. पण एवढं मला पक्कं आठवतंय… म्हणजे आठवतंय असं वाटतंय… की मी नगराध्यक्षांच्या नाकासमोर बोट नाचवून म्हणालो होतो, सरकारनं रस्ता द्यावा, चोर पकडावा, आणि मग बाजूला उभं राहावं! बाजूला! बस्स!

आणि का नाही म्हणणार हो? घर माझं, बैल शेजाऱ्यांचे, वाळू समुद्राची, त्यात नगरपालिका आली कुठून?

थांबा, मी उलटीकडून सांगतोय. ही माझी जुनी खोड, पोरंसुद्धा म्हणायची, 'प्रोफेसर, निकाल आधी सांगता आणि खटला नंतर.' तर झालं असं की निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं बेटावर परत आलो, ओर्फेलिनाच्या बापाच्या घरात, टोकावरच्या कड्यावर. घर झकास! लाकडी, भिंतींना माशाच्या खवल्यांसारख्या फळ्या, खिडकीतून खाडी. दोष एकच, समुद्र तो कडा खात होता. दर हिवाळ्यात एक घास. आधी कोंबड्यांचं खुराडं गेलं, मग सफरचंदाचं झाड गेलं, आणि त्या वर्षी एक दिवस ओर्फेलिना मागच्या दारातून धुण्याचं पाणी फेकायला गेली आणि पाणी जमिनीवर पडल्याचा आवाजच आला नाही! ती आत आली, बादली खाली ठेवली आणि म्हणाली, "म्हाताऱ्या, पुढचा घास आपण."

आता आमच्याकडे घर हलवायचं म्हणजे घरच हलवतात. सामान नव्हे, घर! खालून दोन लांब ओंडके सारायचे, पुढे बैलांच्या जोड्या जुंपायच्या, दोरांना अख्खा गाव लागतो, आणि घर निघतं चिमणीसकट, पडद्यांसकट, भिंतीवरच्या सासऱ्याच्या फोटोसकट. याला आम्ही मिंगा म्हणतो. मजुरी नाही, करार नाही. घरधन्यानं दारोदार जाऊन विनवायचं, लोकांनी यायचं, काम झालं की घरधन्यानं सगळ्यांना आडवं होईपर्यंत खाऊ घालायचं, आणि उद्या त्यांचं कुणाचं घर हलायचं झालं की आपण जायचं. पिढ्यान्पिढ्या चाललंय! कुणी कायदा केला नाही, कुणी खातं उघडलं नाही, कुणी मंत्री नेमला नाही! तुम्हाला सांगतो, मुक्त समाज मुक्त समाज म्हणून मी जांभया देणाऱ्या पोरांपुढे जन्मभर ओरडलो, आणि तो इथं माझ्या सासुरवाडीत बैलांच्या पायांनी चालत होता! मी ठरवलं, हे घर हलणार ते असंच हलणार. सरकारचं एक बोट लागू देणार नाही.

आणि त्याच दिवशी दारात नगराध्यक्ष हजर.

तेओबाल्दो सुबियाब्रे. माणूस वाईट नाही हो! म्हणजे तेच तर दुखणं. वाईट माणसाला हाकलता येतं. हा पूर्वी होड्यांची इंजिनं विकायचा. सैनिकी राजवट गेली, कित्येक वर्षांनी पहिल्यांदा नगरपालिकेच्या निवडणुका झाल्या, आणि हा निवडून आला आणि त्या दिवसापासून त्याला झोप नाही. कुणाचं भलं करू, कुणाचं भलं करू, असं करत मोटारीतून फिरायचा. आल्या आल्या टोपी काढली, म्हणाला, "प्रोफेसर, बातमी कळली. चिंता सोडा. नगरपालिकेनं नवा ट्रॅक्टर घेतलाय, पिवळा. बैल कशाला? आपण याला 'नगरपालिका घरओढ सोहळा' म्हणू, बँड लावू, राजधानीतून टीव्हीवाले बोलावू… फक्त दोन-चार गोष्टी पाहाव्या लागतील. दोर ओढणाऱ्यांना शिरस्त्राणं लागतील. आणि घर सार्वजनिक रस्त्यावर आलं म्हणजे नियमाप्रमाणे ते वाहन होतं, तेव्हा मागच्या बाजूला लाल दिवा लागेल."

"घराला?"

"घराला."

"आणि घर वळताना? हात दाखवायचा कुणी? ओर्फेलिनानं?"

तो बिचारा विचारात पडला! खरोखर विचारात पडला हो, म्हणाला, "विचारून सांगतो." मग खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात म्हणाला, "प्रोफेसर, तुमचा सरकारवर राग आहे, मला कळतं. पण ते सरकार गेलं. आता सरकार आपलं आहे. आपल्याच माणसाची मदत घ्यायला लाज कसली?"

आता हा मुद्दा मला बोचला, खोटं कशाला बोलू? रात्रभर बोचत राहिला. पण त्या वेळी मी तडफेनं म्हणालो, "तेओबाल्दो, परक्या सरकारला दार लावून घेता येतं. आपलं सरकार स्वयंपाकघरातून आत येतं, चुलीपाशी बसतं आणि पातेल्याची झाकणं उघडून बघतं! सरकारनं रस्ता द्यावा, चोर पकडावा, आणि बाजूला उभं राहावं!"

"चोर इथं आहेत कुठे?" तेओबाल्दो म्हणाला.

"मग नुसतं बाजूला उभं राहावं!"

तो गेला. ओर्फेलिना चुलीपाशी होती. ती म्हणाली, "ट्रॅक्टर पिवळा होता म्हणतो. छान दिसला असता."

मग मी विनवायला निघालो. आणि इथं… इथं तुम्हाला सांगतो, माझ्या शिक्षणानं माझा घात केला. विनवायचं म्हणजे काय करायचं, हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. दारात जायचं, टोपी हातात घ्यायची, म्हणायचं, 'शेजारी, तुमच्यावाचून माझं होत नाही.' बास! समोरचा म्हणतो, 'येतो.' संपलं. पण मला वाटलं, हे दडपण झालं! ज्याला नकार देता येत नाही त्याचा होकार कसला? मी पहिल्याच दारात, कुस्तोदिओ मान्सियाच्या दारात… हा कुस्तोदिओ म्हणजे आमच्याकडचा घरओढीचा कप्तान, आवाज असा की इकडे खोकला तर खाडीपलीकडच्या कोंबड्या उडतात… त्याच्या दारात मी म्हणालो, "कुस्तोदिओ, मी घर हलवतोय. पण लक्षात ठेव, तू मोकळा आहेस. नाही म्हणायचा तुला पूर्ण अधिकार आहे. तू आला नाहीस तरी मी मनात काही ठेवणार नाही."

कुस्तोदिओचा चेहरा पडला. म्हणाला, "माझं काही चुकलं का, प्रोफेसर?"

"छे छे! मी फक्त तुझं स्वातंत्र्य…"

"तुमच्या सासऱ्याच्या वेळेपासून या घराला आमचे बैल लागलेत. आता नको आहेत, तर सरळ सांगा. दुसरा कप्तान बघितलाय का?"

मी दारोदार गेलो आणि दारोदार हाच अपमान वाटत सुटलो! एका बाईनं तर आतून कडी घातली. संध्याकाळपर्यंत गावात पसरलं की प्रोफेसरला कुणी यायला नकोय, शहरातून लिहून-वाचून आलाय, त्याला आमच्या हातचं चालत नाही. शेवटी ओर्फेलिनानं शाल घेतली, त्याच सगळ्या घरी गेली, आणि प्रत्येक दारात एवढंच बोलली, "मंगळवारी. बैल घेऊन या. म्हाताऱ्याचं मनावर घेऊ नका, तो वाचतो." सगळे तयार!

बघा, मंगळवार! तिचंच बरोबर असणार. जाऊ द्या.

आता एकच घर उरलं होतं, एलिओदोरो चिग्वायचं. आणि तेच घर महत्त्वाचं! कारण वाट अशी होती बघा, कड्यावरच्या पायवाटेनं घर खाली वाळूवर आणायचं, ओहोटीत वाळूवरून ओढत न्यायचं, आणि मग चढ चढून देवळामागच्या जागेवर, मेव्हण्याच्या जमिनीत. तो चढ म्हणजे एलिओदोरोचं कुरण. दुसरी वाटच नाही, एका बाजूला ओघळ, दुसऱ्या बाजूला खडक. एलिओदोरो म्हणजे कसा? एकटा, अबोल, कुणी 'उठ' म्हटलं की उठणारा. दर वर्षी दक्षिणेत पातागोनियात जायचा मेंढ्या भादरायला, तिथं मुकादम सांगेल ते करायचं, इथं आला की बहीण सांगेल ते करायचं. ओर्फेलिना म्हणाली, "त्याच्याकडे मी जाते." मी म्हणालो, "मुळीच नाही! बाकीच्यांचे बैल हवेत, याची जमीन हवी आहे. मालमत्तेचा प्रश्न आहे. त्याच्याशी मीच बोलणार, नीट बोलणार."

आणि बोललो हो! चुलीवरचा मातेच्या पाल्याचा चहा उकळून उकळून त्याची चव गेली तरी मी बोलतच होतो. त्याला सांगितलं, एलिओदोरो, ही तार तुझी, हे गवत तुझं. इथं नगराध्यक्ष येऊ शकत नाही, पोलीस येऊ शकत नाही, अख्खा गाव एका बाजूला आणि तू एकटा एका बाजूला असलास तरी तू 'नाही' म्हणालास की नाही! मग मोजदाद नाही, बहुमत नाही, काही नाही! तो ऐकत होता. असा ऐकत होता की माझा एकही विद्यार्थी कधी तसा ऐकत नव्हता. शेवटी त्यानं हळूच विचारलं, "मी? नाही म्हटलं तर चालतं?"

"चालतं म्हणजे? तोच तर पाया आहे!"

"अच्छा," एलिओदोरो म्हणाला.

मी खूश होऊन घरी आलो. ओर्फेलिनानं विचारलं, "हो म्हणाला ना?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते विचारायचं राहूनच गेलं.

पण म्हटलं, एलिओदोरो आहे, तो काय करणार?

तर तो दिवस. काय तो थाट सांगू! बैल आले, पोरं आली, एकेकाची रुसलेली आजीसुद्धा आली. ओंडके सारले, दोर बांधले. देवळामागे खड्डा खणून त्यात दगड तापत होते, वर शिंपले, धुरातलं डुकराचं मांस आणि बटाटे रचायची तयारी. सगळे घराबाहेर, फक्त ओर्फेलिना आत! म्हणाली, "माझी चूल पेटलेली आहे, मी बटाट्याच्या वड्या सोडून बाहेर येणार नाही. तुम्ही ओढा." आणि कुस्तोदिओनं आरोळी ठोकली, आणि घर हललं! कड्याच्या पायवाटेनं करकरत खाली उतरलं, वाळूवर आलं, आणि चिमणीतून धूर सोडत, खिडकीत माझी बायको घेऊन, समुद्राकाठानं चालू लागलं… माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो! गावचा हवालदार वेंचूर माझ्या शेजारनं चालत होता. त्यानं आदबीनं विचारलं, "प्रोफेसर, मी काही करू?" मी छाती काढून म्हणालो, "काही नाही! सरकारनं बाजूला उभं राहावं!" तो बाजूला झाला. सरळ माणूस. जास्तच बाजूला झाला, एका डबक्यात उभा राहिला.

आणि घर कुरणाच्या कुंपणापाशी आलं.

कुंपणाच्या खांबावर एलिओदोरो बसला होता. नवी टोपी. धुतलेला सदरा. कुस्तोदिओ गरजला, "एलिओदोरो, तार काढ!"

एलिओदोरो उठला. घसा साफ केला. आणि म्हणाला, "नाही."

तुम्हाला सांगतो, बैलसुद्धा थांबले. कुस्तोदिओला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही, तो पुन्हा ओरडला. एलिओदोरो पुन्हा म्हणाला, या वेळी जरा गोडीनं, चव घेत, "नाही. माझं कुरण आहे. मी नाही म्हणतोय."

मग जो गिल्ला झाला! "अरे डोकं फिरलं का तुझं?" "मेंढ्यांची लोकर मेंदूत गेली याच्या!" त्याची बहीण गर्दीतून ओरडली, "एलिओदोरो, घरी चल, बघते तुला!" नेहमी एवढ्यानं तो निघाला असता. नाही निघाला! मी धावत गेलो, वाळूत माझा एक बूट राहिला, म्हणालो, "एलिओदोरो, बाबा, काय झालं? काही हवंय का तुला?"

"काही नको," तो म्हणाला. "प्रोफेसर, तुम्हाला ठाऊक आहे, लष्कराची राजवट हवी की नको, त्या मतदानाच्या वेळी मी इथं नव्हतो. सगळा देश लष्कराला 'नाही' म्हणाला. हा कुस्तोदिओ नाही म्हणाला. माझी बहीण नाही म्हणाली. आणि मी तिकडे पातागोनियात मेंढी धरून बसलेलो. तेव्हापासून दर सणाला, दर बारशाला, सगळे सांगतात, आम्ही कसे 'नाही' म्हणालो. मी ऐकतो. मी जन्मात कधी कुणाला नाही म्हटलेलं नाही, प्रोफेसर. तुम्ही म्हणालात चालतं. म्हणून म्हणून बघतोय."

मागे भरती सुरू झालेली. आमच्याकडची भरती म्हणजे पाहुण्यासारखी हळूहळू येत नाही, सावकारासारखी येते. घराच्या मागच्या ओंडक्यापाशी पाणी चमकायला लागलं होतं. घर परत नेता येत नाही, पुढं नेता येत नाही, आत माझी बायको, आणि समोर माझंच व्याख्यान धुतलेला सदरा घालून उभं!

खिडकीतून ओर्फेलिनाचा आवाज, "म्हाताऱ्या! काय म्हणतोय तो?"

"नाही म्हणतोय!"

"का?"

"मी सांगितलं म्हणून!"

खिडकी धाडकन बंद झाली.

तेवढ्यात वाळूवरून धडधड, धडधड. पिवळा ट्रॅक्टर! खरंच छान दिसत होता, हे कबूल केलं पाहिजे. वर तेओबाल्दो, डोक्यावर शिरस्त्राण, गळ्यात नगराध्यक्षपदाचा पट्टा. कुणीतरी त्याला सांगितलं होतं. त्यानं वरूनच सगळं पाहिलं, आणि माणसाचा चेहरा उजळला हो! भलं करायची इतकी मोठी संधी! तो ओरडला, "घाबरू नका! सार्वजनिक हिताचा प्रश्न आहे! एका माणसासाठी घर बुडू देणार नाही. मी कुंपण पाडायचा हुकूम देतो. एलिओदोरो, बाजूला हो! नुकसानभरपाई मिळेल!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! तेच लोक, जे मोजक्याच वर्षांपूर्वी… जाऊ द्या. कुस्तोदिओ म्हणाला, "प्रोफेसर, आता तरी तोंड मिटा आणि घर वाचवा." आणि मला, तुम्हाला खरं सांगतो, मला मोह झाला. का होणार नाही? माझं घर! सासऱ्याचा फोटो! बायको! एक तार तर तोडायची, वर्षानुवर्षांची गंजकी तार… मी इतका डळमळीत माणूस आहे हो, हॉटेलात काय मागवायचं हेसुद्धा मला ठरवता येत नाही. माझं डोकं म्हणत होतं, चूक तुझीच असेल, सिद्धान्तच चुकीचा असेल, नीट वाचलं नसशील. पण पाय निघाले. एका पायात बूट, एका पायात मोजा, असा मी चालत गेलो आणि तारेपाशी एलिओदोरोच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. ट्रॅक्टरकडे तोंड करून.

"तेओबाल्दो," मी म्हणालो, "तारेला हात लावायचा नाही."

"प्रोफेसर, तुमचं घर आहे ते!"

"म्हणूनच मी सांगतोय. दुसऱ्या कुणाला सांगायचा हक्क नाही. तो नाही म्हणालाय."

"पण घर बुडतंय!"

"बुडू दे!" असं मी म्हणालो. आवाज चिरकला. आतून ओर्फेलिना ओरडली, "काय बुडू दे?" पण मी मागे बघितलं नाही, बघितलं असतं तर विरघळलो असतो. मी म्हणालो, "आज माझं घर सार्वजनिक हित आहे, उद्या दुसऱ्याचं कुरण होईल, परवा कुणाचं तोंड होईल! याची तार तोडलीत तर मी तुमच्या ट्रॅक्टरखाली आडवा पडेन, मला संधिवात आहे, पडायला वेळ लागेल, पण पडेन!"

तेओबाल्दोही चिडला. त्याच्या दृष्टीनं बरोबरच होतं ना ते! त्यानं हाक मारली, "हवालदार वेंचूर! या दोघांना हटवा!"

आणि सगळ्यांनी डबक्याकडे पाहिलं.

हवालदार बाहेर आला. बुटातलं पाणी ओतलं. माझ्याकडे बघून म्हणाला, "प्रोफेसर, तुम्ही मला बाजूला उभं राहायला सांगितलंय. कुठल्या बाजूला, ते सांगितलेलं नाही."

तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांच्या शिकवण्यात हा प्रश्न मला एकाही पोरानं विचारला नव्हता. मी नुसता तारेकडे बघत राहिलो. हवालदारानंही तारेकडे बघितलं, ट्रॅक्टरकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं. मग सावकाश चालत आला आणि आमच्या पुढं, ट्रॅक्टरसमोर, पाठ आमच्याकडे करून उभा राहिला. म्हणाला, "नगराध्यक्षसाहेब, कोर्टाचा कागद आणा, मग बघू. तोवर यंत्र बंद करा, बैल बिथरतायत."

यंत्र बंद झालं. नुसतं पाणी… छप, छप, माझ्या घराच्या मागच्या पायरीवर.

एलिओदोरो हे सगळं बघत होता. त्यानं हवालदाराच्या पाठीला विचारलं, "मी दिवसभर नाही म्हणालो तर?"

"तर मी दिवसभर उभा राहीन."

"उद्या?"

"उद्या माझी सुटी आहे. दुसरा येईल."

एलिओदोरोनं मान डोलावली. मग गर्दीकडे बघून मोठ्यानं विचारलं, "सगळ्यांनी ऐकलं ना, मी काय म्हणालो ते?"

"ऐकलं रे बाबा!" कुस्तोदिओ कळवळला. "पातागोनियात मेंढ्यांनीसुद्धा ऐकलं!"

तेवढ्यात खिडकी पुन्हा उघडली. ओर्फेलिना, हातात झारा, म्हणाली, "एलिओदोरो! शेजारी! माझ्या स्वयंपाकघरात खेकडा आलाय. तुझ्यावाचून आमचं होत नाही रे!"

आणि झालं! एवढंच! तो टोपी सावरत म्हणाला, "येतो, ओर्फेलिनाबाई. आधी म्हणायचं ना!" खिशातून पक्कड काढली… पक्कड घेऊन आला होता तो, खिशात होती पहिल्यापासून!… स्वतःच्या हातानं तार तोडली, मागे बांधलेली स्वतःची बैलजोडी आणली आणि सगळ्यांच्या पुढं जुंपली. कुस्तोदिओची आरोळी, बैलांचे गुडघे चिखलात, दोर ताठ, आणि पाण्यातून घर उचललं गेलं, ओढलं गेलं, मागच्या दारातून पाणी ओकत चढाला लागलं! आणि मागच्या दोराला कोण असेल? तेओबाल्दो! पट्टा काढून ट्रॅक्टरवर टाकलेला, बूट काढलेले, चिखलात लोळून ओढत होता. मी म्हणालो, "आता तू शेजारी आहेस!" तो धापा टाकत म्हणाला, "प्रोफेसर, ओढा, बोलू नका."

पुढच्या निवडणुकीत त्यानं भिंतींवर लिहून घेतलं, 'नगरपालिकेनं घर वाचवलं.' मी तक्रार करणार होतो. ओर्फेलिना म्हणाली, "तूही ओढलंस म्हणून सांगतोसच की सगळ्यांना. त्यानं तुझ्यापेक्षा जास्त ओढलं."

घर देवळामागे उभं आहे. जरा कललंय, टेबलावर ठेवलेलं सफरचंद समुद्राच्या दिशेला घरंगळतं, पण उभं आहे. आणि मी ही गोष्ट किती जणांना सांगितली असेन! विद्यापीठानं बोलावलं तेव्हा सांगितली, तरुण वकिलांना सांगितली, दर वेळी बोट वर करून, बघा, म्हणालो, एका गरीब माणसाची गंजकी तार, तिच्यापुढं माझं घर थांबलं, गाव थांबला, नगरपालिका थांबली! याला म्हणतात मर्यादा! एलिओदोरोही आता सणासमारंभाला गप्प बसत नाही, त्याला गप्प करावं लागतं.

आता मागच्या उन्हाळ्याआधीच्या उन्हाळ्यात… की त्याच्याही आधीच्या?… रस्ता डांबरी करायचा म्हणून मोजणीवाले आले. त्यांच्यातली एक तरुण मुलगी, तिकाटण्यावरच्या दुर्बिणीतून बघणारी, आमच्याकडे पाणी प्यायला थांबली. मी अर्थातच तिला गोष्ट सांगितली. ती हसली नाही. नकाशा काढला, परत आत ठेवला, आणि म्हणाली, "आजोबा, नक्की हेच कुरण का? नकाशात वेगळंच दिसतंय."

मला झोप येईना. म्हटलं, पोरगी लहान आहे, चुकली असेल. कुस्तोदिओच्या म्हाताऱ्या आईला विचारलं, ती म्हणाली, एलिओदोरोच्या आजोबानं एके वर्षी तार ओढली, कुणी काही बोललं नाही. मग एलिओदोरोला न सांगता बसनं कास्त्रोला गेलो, जमिनीच्या कचेरीत रांगेत उभा राहिलो, खिडकीतल्या बाईला विचारलं, आणि तिच्यावर विश्वास नाही म्हणून तिच्या साहेबाला विचारलं. मुलगी चुकली नव्हती. वाळूपासून देवळाच्या भिंतीपर्यंतची ती जमीन कधीच कुणाला दिलेली नव्हती. कुरण सरकारचं होतं.